पायाची लांबी वाढवण्याची शस्त्रक्रिया : बाहेरची चौकट की आतला रॉड?

एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असणे आपल्या समाजाला नवे नाही. आमच्या लहानपणी प्रत्येक गल्लीत पोलिओमुळे लंगडणारे एखादे मूल असे. भारतात पोलिओच्या विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे ते कारण मागे पडले. बाकीची कारणे मात्र आहेतच. लहानपणी अपघातात हाडाच्या वाढीच्या भागाला इजा होते, हाडात पू होतो, मोडलेले हाड आखूड जुळते, तर काहींचे हाड जन्मतःच आखूड असते.

आमच्या भाच्याच्या नडगीची अशी शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून मंडळातील ओळखीची कुटुंबे त्याबद्दल आमच्याकडे विचारणा करतात. प्रश्न बहुधा एकच असतो : ती पिंजऱ्यासारखी चौकट पायाला लावायची, की आता जो चुंबकाचा रॉड निघाला आहे तो आतच बसवून घ्यायचा? पुढची माहिती त्यासाठीच एकत्र केली आहे. आम्ही डॉक्टर नाही, आयुष्य बँकेत गेले. जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि घरात पाहिले तेवढेच इथे आहे. निर्णय रुग्णाने आपल्या सर्जनशी बोलूनच घ्यायचा.

हाड लांब कसे होते

दोन्ही पद्धतींचे मूळ एकच आहे. ते आधी समजले की पुढचा बराच गोंधळ टळतो. सर्जन हाड एका ठिकाणी आडवे कापतो, पण हाडावरचे आवरण आणि रक्तपुरवठा शक्य तितका सांभाळतो. मग पाच ते दहा दिवस काही करायचे नसते. मोडलेले हाड जुळताना जे होते तेच तिथे सुरू होऊ द्यायचे. ते सुरू झाले की हाडाचे दोन्ही तुकडे हळूहळू एकमेकांपासून दूर सारायचे. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर असा चार वेळा. मधल्या फटीत शरीर स्वतः नवे हाड भरत जाते. घाई केली तर हाड भरत नाही आणि नसा व स्नायूंना ताण सोसत नाही. फार सावकाश गेले तर फट वेळेआधीच जुळून बसते आणि हाड पुन्हा कापावे लागते.

हवी तेवढी लांबी मिळाली की ताणणे थांबते, पण उपचार थांबत नाही. नवे हाड सुरुवातीला मऊ असते. भार पेलण्याइतके पक्के व्हायला त्याला ताणण्याच्या काळाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. ढोबळ हिशेब असा : लहान मुलांत दर सेंटीमीटरमागे एकूण सुमारे एक महिना, मोठ्या माणसांत दीड ते दोन महिने. चार सेंटीमीटर वाढवायचे असतील तर ताणण्याचे दिवस चाळीसच, पण सगळे मिळून सहा महिने तरी मनात धरावेत. चौकट लावली काय किंवा रॉड बसवला काय, या हिशेबात फार फरक पडत नाही, कारण हाड तयार करण्याचे काम उपकरण करत नाही, शरीर करते. नव्या रॉडने पाय महिन्या-दोन महिन्यांत तयार होतो असे कोणी सांगितले, तर तो फक्त ताणण्याचा काळ मोजतो आहे असे समजावे.

सायबेरियातून आलेली पद्धत

हाड कापून लांब करण्याचे प्रयत्न जुने आहेत. इटलीतील बोलोन्याचे डॉक्टर अलेस्सान्द्रो कोदिविल्ला यांनी १९०५ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला होता. त्या काळी पाय जोर लावून एकदम ताणत, त्यामुळे नसांना इजा आणि जंतुसंसर्ग हे ठरलेलेच असे. हे काम खऱ्या अर्थाने मार्गी लावले गाव्रील इलिझारोव्ह (१९२१–१९९२) यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते पश्चिम सायबेरियातील कुर्गान भागात एका खेड्यात डॉक्टर म्हणून गेले. युद्धात हाडे मोडलेले, न जुळलेल्या जखमा घेऊन परतलेले लोक तिथे खूप होते आणि साधनसामग्री जवळजवळ नव्हती. पायाभोवती धातूच्या कड्या, त्यांत सायकलच्या चाकातल्या आऱ्यांप्रमाणे ताणून बसवलेल्या बारीक तारा आणि कड्यांना जोडणाऱ्या आटे पाडलेल्या सळ्या, हे त्यांचे उपकरण १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार झाले.

मुळात ते हाडाचे तुकडे एकमेकांवर दाबून जुळवण्यासाठी होते. एका रुग्णाने नट चुकून उलट फिरवले, तुकडे जवळ येण्याऐवजी लांब गेले आणि एक्स-रेत मधल्या फटीत नवे हाड दिसले, अशी गोष्ट सांगतात. पुढे इलिझारोव्ह यांनी वेग, वेळा, कापण्याची पद्धत यांचा वर्षानुवर्षे पद्धतशीर अभ्यास केला. दिवसाला एक मिलिमीटर, चार हप्त्यांत, हा नियम त्यातूनच आला.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवणारा वालेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटरसायकल अपघातात सापडला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या तरी त्याचा पाय बरा होईना. १९६८ मध्ये इलिझारोव्ह यांनी त्याच्यावर उपचार केले आणि तो पुन्हा उडी मारू लागला. तेव्हापासून सोव्हिएत देशात त्यांचे नाव घरोघर पोचले. पश्चिमेला मात्र १९८० पर्यंत फारसे कळले नव्हते. त्या वर्षी कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक पायाच्या जुन्या दुखण्यावर उपचार घेण्यासाठी कुर्गानला गेला. तो बरा होऊन परतल्यावर इटलीतल्या डॉक्टरांचे कुतूहल जागे झाले. १९८१ मध्ये इलिझारोव्ह यांना व्याख्यानासाठी इटलीत बोलावण्यात आले आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. आज भारतात मोठ्या शहरांतच नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणीही ‘इलिझारोव्ह’ हा शब्द हाडाच्या दवाखान्यात रोज ऐकू येतो.

बाहेरची चौकट

बाहेरून लांबी वाढवणाऱ्या साधनांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक म्हणजे इलिझारोव्हच्या गोल कड्या. दुसरा, पायाच्या एकाच बाजूला बसणारी पट्टी. ही मुख्यतः मांडीला सोयीची, कारण मांडीभोवती पूर्ण कडी घातली तर बसता-झोपता येत नाही. तिसरा प्रकार सहा तिरप्या सळ्यांच्या चौकटीचा. टेलर स्पेशियल फ्रेम हे त्यातले प्रसिद्ध नाव. तिच्यात कोणती सळी कोणत्या दिवशी किती फिरवायची याचा तक्ता संगणक काढून देतो आणि हाड लांबी, वाक, पीळ अशा सगळ्या बाजूंनी एकाच वेळी सरळ करता येते.

आमच्या भाच्याला गोल कड्या होत्या. त्याला नऊ वर्षांचा असताना सायकलवरून जाताना अपघात झाला आणि गुडघ्याखाली वाढीच्या भागाला एका बाजूने इजा झाली. त्यामुळे पाय आखूड तर राहिलाच, शिवाय वाकत गेला. अठराव्या वर्षी चार सेंटीमीटरचा फरक होता आणि नडगीला बाक होता. परदेशातल्या एका नातेवाइकाने फोनवर चुंबकाच्या रॉडचे इतके वर्णन केले, की आमची बहीण आणि मेहुणे मुदतठेव मोडायला निघाले होते. व्याजाचे नुकसान किती होईल ते आम्हीच कागदावर काढून दिले होते. सुदैवाने ठेव मोडण्याआधी दुसऱ्या सर्जनचे मत घेतले. त्यांनी एक्स-रे प्रकाशात धरून समजावले, की एवढा बाक एका झटक्यात सरळ केला तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस ताणली जाईल आणि पाऊल लुळे पडण्याचा धोका आहे. बाक हळूहळू काढायला हवा. रॉड सरळच असतो, तो आतून हळूहळू बाक काढू शकत नाही. चौकटीला बिजागऱ्या लावून आधी बाक, मग लांबी, असे करता येते. महाग रॉड त्या पायासाठी चुकीचाच ठरला असता. आधुनिक म्हणजे चांगले असे आम्हीही तोवर धरूनच चाललो होतो.

चौकटीतले दिवस कसे असतात हे दवाखान्यात कोणी फारसे सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सळीला मिलिमीटरभर अंतराचे आटे असतात. नट पाव फेरा फिरवला की पाव मिलिमीटर आणि पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर. लागतो तो दहा नंबरचा पाना, स्कूटरच्या पेटीत असतो तसाच. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा अशा वेळा ठरल्या. मेहुण्यांनी वहीत रकाने आखून प्रत्येक सळीपुढे टिक करायची शिस्त ठेवली. तरी एक चूक झालीच. पायाच्या मागच्या बाजूची सळी दिसत नसल्याने ती आरशात पाहून फिरवत, आणि आरशात दिशा उलट दिसते. दोन दिवस ती एक सळी मागे जात राहिली. वहीत आठही टिका बरोबर होत्या! तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी पट्टीने मोजले तेव्हा लक्षात आले. चूक लवकर सापडली म्हणून सुधारता आली. नंतर प्रत्येक नटाला नेलपेंटचा ठिपका दिला आणि आठवड्यातून एकदा चारही सळ्या मोजपट्टीने मोजून तो आकडा लिहू लागलो. हे सर्वांनी पहिल्या दिवसापासून करावे.

तारा आणि पिना त्वचेतून आत जातात, त्या जागी जंतुसंसर्ग होणे हा या पद्धतीचा सर्वांत नेहमीचा त्रास. बहुतेक वेळा तो वरवरचा असतो आणि स्वच्छता व तोंडाने घेण्याच्या अँटिबायोटिकने आटोक्यात येतो, पण लाली, पू, वाढते दुखणे दिसले की त्याच दिवशी फोन करायचा. ड्रेसिंग कशाने आणि किती दिवसांनी करायचे याबाबत प्रत्येक दवाखान्याची पद्धत वेगळी असते. आपल्या डॉक्टरांची एक पद्धत धरून राहावे, शेजाऱ्यांचा सल्ला ऐकू नये. रात्री चादर तारांत अडकते. दांडिया बाजारातल्या आमच्या शिंप्याने जुन्या सुती साडीची वेलक्रो लावलेली पिशवी चौकटीवरून घालण्यासाठी शिवून दिली, आणि पॅन्टची बाहेरची शिवण उसवून तिथेही वेलक्रो लावले. घरात कमोड नसेल तर शस्त्रक्रियेआधीच सोय करावी, नंतर धावपळ होते. नवरात्रात सगळी पोरे गरब्याला गेली की हा खिडकीत बसे. लोक चौकटीकडे टक लावून बघतात, त्याचा त्रास दुखण्यापेक्षा जास्त होतो असे तो म्हणे.

मात्र चौकटीची एक जमेची बाजू बहुतेकांना माहीत नसते. गोल कड्यांची चौकट इतकी भक्कम असते, की डॉक्टर पहिल्या काही दिवसांतच पायावर भार देऊन चालायला सांगतात. चालण्याने नवे हाड पक्के व्हायला मदतच होते. भाचा वॉकर घेऊन आणि पुढे एका काठीवर कॉलेजला जात होता. चौकट एकूण पाच महिने बावीस दिवस होती.

आतला रॉड

हाडाच्या मधल्या पोकळीत रॉड घालायची पद्धत मोडलेल्या हाडांसाठी फार पूर्वीपासून आहे. दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा रॉड बनवला तर हाड आतूनच लांब करता येईल, ही कल्पनाही जुनी. अडचण होती ती बाहेरून तो सरकवायचा कसा. फ्रान्समधल्या आल्बिझिया रॉडमध्ये रॅचेट होता. रुग्णाने पाय वीस अंशांनी वळवला की एक ‘टक’ होई आणि असे पंधरा ‘टक’ झाले की एक मिलिमीटर. कापलेले हाड आतून वळवायचे म्हणजे काय यातना असतील याची कल्पना करा. काही रुग्णांना त्यासाठी भूल द्यावी लागे. नंतरच्या एका अमेरिकी रॉडमध्ये चालण्याच्या हालचालीनेच लांबी वाढे, पण वेग हातात राहत नसे. कधी रॉड अडून बसे, तर कधी भराभर लांब होई. जर्मनीत म्युनिकच्या डॉक्टरांनी फिटबोन आणला. त्यात लहानशी मोटर असते आणि तिला त्वचेखालच्या तबकडीतून बाहेरून ऊर्जा देतात.

सध्या ज्याला लोक ‘चुंबकाचा रॉड’ म्हणतात तो प्रिसाइस, २०११ पासून अमेरिकेत वापरात असलेला. रॉडच्या आत एक लहान चुंबक, गिअर आणि स्क्रू असतात. रुग्ण घरी मांडीवर खूण केलेल्या जागी एक यंत्र धरतो. त्यातले मोठे चुंबक फिरले की आतला चुंबक फिरतो आणि रॉड पाव मिलिमीटर सरकतो. काही मिनिटांचे काम. वेग कमी-जास्त करता येतो आणि गरज पडल्यास रॉड मागेही घेता येतो. चौकटीच्या पद्धतीतले इतके नियंत्रण आतल्या पद्धतीत प्रथमच मिळाले, म्हणून सर्जनांनी त्याचे स्वागत केले.

फायदे उघड आहेत. त्वचेतून काही बाहेर येत नाही, त्यामुळे पिनांच्या जागचा जंतुसंसर्ग नाही. स्नायू तारांनी शिवल्यासारखे होत नाहीत, त्यामुळे गुडघा हलवणे सोपे जाते. कपडे, झोप, लोकांच्या नजरा हे प्रश्न मिटतात. व्रणही कमी. मंडळातल्या एका सभासदांच्या चोवीस वर्षांच्या मुलीची मांडी साडेतीन सेंटीमीटरने आखूड होती, हाड सरळ होते, जंतुसंसर्गाचा इतिहास नव्हता. तिला रॉडच योग्य होता. ती त्या काळात घरून ऑफिसचे काम करत होती.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत, पण जाहिरातीत त्या दिसत नाहीत. हाड पक्के होईपर्यंत या रॉडवर पूर्ण भार देता येत नाही. डॉक्टर सांगतील तेवढे मोजके किलोच, आणि तेही दोन कुबड्या घेऊन. म्हणजे चौकटवाला चालतो आणि रॉडवाला कुबड्यांवर, असे आपल्या अपेक्षेच्या नेमके उलटे चित्र दिसते. पूर्ण भार पेलणारा स्टीलचा रॉड, स्ट्राइड नावाचा, २०१८ मध्ये आला होता. त्याच्या सांध्याशी गंज आणि आसपासच्या हाडात बदल आढळू लागले, म्हणून २०२१ मध्ये कंपनीने तो बाजारातून परत घेतला. नव्या उपकरणाचा दहा वर्षांचा अनुभव अजून कोणाकडे नसतो, हे खरेदीच्या उत्साहात विसरू नये.

वाढत्या वयाच्या मुलांत रॉड वाढीच्या भागातून जात असेल तर तो वापरता येत नाही. हाड फार बारीक असेल, हाडात पूर्वी पू झाला असेल, मोठा बाक असेल, तर बहुतेक सर्जन चौकटीकडेच वळतात. मांडीचे हाड शरीराच्या भाराच्या रेषेला किंचित तिरके असते, त्यामुळे रॉडवर लांबी वाढवताना भाराची रेषा दर सेंटीमीटरमागे सुमारे एक मिलिमीटर बाहेर सरकते. चांगला सर्जन हे आधीच हिशेबात घेतो. पोकळी कोरताना चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसाला त्रास होण्याचा विरळ पण गंभीर धोका असतो. चुंबक आत असेपर्यंत एमआरआय टाळायला सांगतात. आणि हाड पक्के झाल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षाने, रॉड काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. तिचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात आहे का, हे विचारून घ्यावे.

मधला मार्गही आहे. हाडात साधा रॉड घालून त्यावरून चौकटीने लांबी वाढवायची, लांबी मिळाली की रॉडला स्क्रू लावून चौकट काढून टाकायची. पाच-सहा महिन्यांऐवजी चौकट दोनेक महिन्यांत निघते. धोका हा, की पिनांच्या जागचा जंतुसंसर्ग आतल्या रॉडपर्यंत पोचू शकतो. महागडा रॉड परवडत नाही आणि चौकटही फार दिवस नको, अशांनी सर्जनना हा पर्याय जरूर विचारावा.

दोन्हीत सारखा असलेला त्रास

स्नायू हाडाइतक्या आनंदाने लांब होत नाहीत. मांडी लांब करताना गुडघा आखडतो, नडगी लांब करताना टाच वर उचलली जाऊन पाऊल घोड्याच्या खुरासारखे खाली झुकते. उपाय एकच, फिजिओथेरपी, रोज, दुखले तरी. लांबी बरोबर मिळाली पण गुडघा वाकत नाही म्हणून जमिनीवर बसता येत नाही, असे लोक आम्ही पाहिले आहेत. फिजिओथेरपिस्ट घरी येऊ शकेल का, महिन्याला किती घेईल, हे शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी पाहावे. बोटांना मुंग्या, बधिरपणा, पाऊल वर उचलता न येणे ही नस ताणल्याची चिन्हे आहेत. तिथे ताणणे थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचे, सकाळची वाट पाहायची नाही. तंबाखू आणि सिगारेटने हाड भरणे मंदावते, हे दोन्ही पद्धतींत खरे आहे. दुखण्याच्या काही नेहमीच्या गोळ्याही हाड तयार होण्यात आड येऊ शकतात, म्हणून केमिस्टकडून परस्पर गोळी आणू नये.

शस्त्रक्रियेशिवायही

दोन सेंटीमीटरपर्यंतच्या फरकाला बहुतेक वेळा काही करावे लागत नाही, किंवा बुटाला आतून-बाहेरून उंची दिली की पुरते. मूल वाढत्या वयाचे असेल आणि फरक मध्यम असेल, तर लांब असलेल्या पायाची वाढ योग्य वेळी थांबवण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते. तिला लांबी वाढवण्याच्या मानाने फार कमी त्रास होतो. पण तिची वेळ निघून गेली की गेली, त्यामुळे मुलाला ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हणून घरी ठेवू नका. दहाव्या-अकराव्या वर्षीच उभ्याने काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे घेऊन हाडाच्या डॉक्टरांना दाखवावा.

खर्चाचे गणित

रकमा आम्ही मुद्दाम देत नाही, कारण दवाखान्यागणिक त्या बदलतात. पण प्रमाण सांगता येईल. गोल कड्यांची चौकट भारतातच बनते आणि सर्वांत स्वस्त पडते. संगणकावर चालणारी सहा सळ्यांची चौकट तिच्यापेक्षा बरीच महाग. चुंबकाचा रॉड परदेशातून येतो आणि एकट्या रॉडचीच किंमत लाखांत जाते. मात्र फक्त उपकरणाची किंमत पाहून तुलना करू नये. चौकटीच्या रकान्यात ड्रेसिंग, अँटिबायोटिक, दर आठवड्या-पंधरवड्याची फेरी, रिक्षा, एक्स-रे धरा. रॉडच्या रकान्यात काढण्याची शस्त्रक्रिया आणि कुबड्यांमुळे बुडणारे कामाचे दिवस धरा. फिजिओथेरपी दोन्हीकडे. घरातले एक माणूस महिनोन्‌महिने जवळ लागते, त्याचा पगार जात असेल तर तोही.

मेडिक्लेमबद्दल दोन गोष्टी. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेली असते. अपघातानंतर किंवा वैद्यकीय गरज म्हणून केलेली या वगळणीत येत नाही. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात कारण स्पष्ट लिहून घ्या : फरक किती, कशामुळे, चालण्यावर काय परिणाम. दुसरे, पाय पॉलिसी घेण्याआधीपासून आखूड असेल तर तो आधीचा आजार ठरतो. त्याची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकते. आधीपासूनची गोष्ट फॉर्मवर लपवू नका, दावा तिथेच अडकतो. कॅशलेसची मंजुरी मागताना इम्प्लांटचे कोटेशन सोबत जोडा.

उंचीसाठी

अलीकडे विचारणा येते ती आखूड पायासाठी नाही, उंचीसाठी. एका आईने बायोडेटातली पाच फूट तीन इंच ही उंची दाखवून विचारले, दोन-तीन इंच वाढतील ना? वाढतात. पण दोन्ही पाय कापावे लागतात, वर लिहिलेला प्रत्येक धोका दुप्पट होतो, आणि तो धोका पूर्ण निरोगी पायांवर घेतला जातो. वर्षभर नोकरी, चालणे, खेळ बाजूला राहतात. २०१६ मध्ये हैदराबादेत एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरने घरी न सांगता अशी शस्त्रक्रिया करून घेतली, पालकांना नंतर कळले, तक्रार झाली आणि प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. आमचे मत विचाराल तर आम्ही त्या आईला नको म्हणालो. मुलगा सज्ञान आहे, तो ठरवेल. पण त्याने आधी या उपचारातून गेलेल्या एखाद्या माणसाला भेटावे, फक्त व्हिडिओ पाहू नयेत, एवढे सांगितले. तो आमच्या भाच्याला येऊन भेटून गेला. पुढे काय ठरले ते आम्ही विचारले नाही.

चौकट किंवा रॉड निघताना

चौकट काढणे हे किरकोळ काम, थोडी भूल देऊन होते. पण त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत फसवे असतात. पाय मोकळा झाल्याच्या आनंदात माणूस धावतो आणि नवे हाड तिथेच मोडू शकते. डॉक्टर प्लास्टर किंवा ब्रेस देतात तो निमूट घालावा. रॉड काढल्यावरही स्क्रूंची भोके भरेपर्यंत उड्या आणि खेळ बंद.

कागदपत्रांचे एक सांगायचे राहिले. रॉड बसवताना त्याच्या पाकिटावरचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर किंवा इम्प्लांट कार्डावर लावतात. त्यावर कंपनी, मॉडेल आणि क्रमांक असतो. रॉड काढणारा सर्जन दुसरा असेल, गाव बदलले, किंवा पुढे एमआरआयची वेळ आली, तर पहिली विचारणा त्याचीच होते. त्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, मूळ प्रत पासबुकांबरोबर ठेवा आणि एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. डिस्चार्जच्या वेळी स्टिकर लावलेले नसेल तर बिल भरण्याआधी मागून घ्या.